पहिला उतार

एकदा एका दंतवैद्याच्या खुर्चीत एक वृद्ध कारागीर येऊन बसला. त्याचे वरचे समोरचे दोन दात नव्हते. दात जाऊन तीस वर्षे झाली होती आणि त्या फटीतून बोलायची, हसायची, लहर आली तर शीळ घालायची त्याला सवय झाली होती. पण घरात नातीचे लग्न ठरले आणि फोटोत सासरे कसे दिसतील या चिंतेने सुनेने त्याला धरून आणले. कारागिराचे आणि दंतवैद्याचे नाव मी सांगत बसत नाही. वृद्धाला सगळे गाव आबा म्हणत असे, तेवढे पुरे आहे.

दंतवैद्याने कागदावर नाव आणि वय लिहून घेतले आणि विचारले, "हे दोन दात कसे गेले?"

"एक माणूस वेळेवर बोलला नाही, म्हणून गेले," आबा म्हणाले.

दंतवैद्याच्या खुर्चीत माणसे भलतेसलते बोलतात, हे त्याच्या अनुभवाचे होते. जुने भांडण असावे असे समजून त्याने कागदावर 'मारामारी' असा शब्द लिहिला आणि तो पुढच्या कामाला लागला.

तिसऱ्या खेपेला दात तयार झाले, काढता-घालता येणारे. आबांनी ते बसवून घेतले, आरशात पाहिले, जिभेने चाचपले. मग त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला.

"डॉक्टर, या दातांबद्दल मला काही सांगायचं राहिलंय का?"

"सुपारी फोडू नका."

"ते सुपारीबद्दल झालं. मी दातांबद्दल विचारतोय. तुम्ही केलेत, तेव्हा तुम्हालाच ठाऊक."

दंतवैद्याने क्षणभर विचार केला. काम खरोखरच चांगले झाले होते. "नाही आबा, काही राहिलं नाही," तो म्हणाला.

"मग झालं," असे म्हणून आबा उठले.

जाता जाता कळले की आबा आयुष्यभर सायकलच्या चौकटी करत आले होते. गावातले दूधवाले, पाववाले, पोस्टमन यांच्यासाठी जाड नळ्यांच्या, ओझ्याच्या चौकटी. आता धंदा बंद होता, पण घरामागची पत्र्याची शेड आणि तिच्यातली हत्यारे जागच्या जागी होती. हे ऐकून दंतवैद्याचे डोळे चमकले. सुशिक्षित माणसाला चाळिशी उलटली की आपण हाताने काहीतरी करावे असे वाटू लागते. कोणी घरी पाव भाजू लागतो, कोणी चाकावर मडकी घडवू लागतो. आमच्या या दंतवैद्याला सायकलची हौस होती. दर रविवारी पहाटे मित्रमंडळींबरोबर तो वीस-पंचवीस मैल हिंडून येत असे. त्याच्याकडे उत्तम, परदेशी बनावटीची सायकल होती. तरीही आपल्या मापाची, आपल्या हातांनी केलेली चौकट असावी, ही इच्छा त्याच्या मनात बरेच दिवस घर करून होती.

"मला शिकवाल?" त्याने विचारले.

"बाजारात तयार मिळते की."

"ती माझी नसते."

आबांनी त्याच्या हातांकडे पाहिले. "हात चांगले आहेत तुमचे," ते म्हणाले. "रविवारी या. घाई मात्र घरी ठेवून यायची."

शेडला पूर्वेकडे एक मोठी खिडकी होती. आबांच्या कामाचा मुख्य नियम त्या खिडकीशी बांधलेला होता. दोन नळ्या जोडायच्या तर एका नळीचे टोक माशाच्या उघड्या तोंडासारखे गोल कापावे लागते, म्हणजे ते दुसऱ्या नळीच्या गोलाईला बिलगते. हे काम कानशीने, थोडे थोडे घासून करायचे. मग दोन्ही नळ्या जुळवून खिडकीसमोर धरायच्या. मधून उजेड दिसला तर पुन्हा कानस. उजेड दिसेनासा झाला की मग पितळ नीट धावावे म्हणून टाकणखार लावायचा, गॅसच्या ज्योतीने नळ्या लालसर होईपर्यंत तापवायच्या आणि पितळेची सळई टेकवायची. पितळ वितळून आपणहून सांध्याच्या आत शिरते.

"पितळ धरतं, भरत नाही," आबा सांगत. "जागा जितकी कमी ठेवाल तितकं ते घट्ट धरतं."

शेडच्या तुळईला एक चौकट टांगलेली होती, पूर्ण झालेली पण रंग न दिलेली, सगळ्या अंगावर गंज चढलेली. दंतवैद्याने पहिल्याच दिवशी विचारले, "ही कोणाची?"

"मालक यायचाय," आबा म्हणाले, आणि विषय तिथेच थांबला.

दंतवैद्य मनापासून शिकला, हे सांगायला हवे. पहिले काही रविवार त्याने निव्वळ भंगारातल्या नळ्या कापण्यात घालवले. ज्योतीची भीती गेली, हातावर दोन-तीन चटके बसले, पितळ कधी धावते आणि कधी गोळा होऊन बसते हे त्याच्या ध्यानात येऊ लागले. आबांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले होते आणि दुसरा अधू होता. त्यामुळे ते काम पाहण्यापेक्षा चाचपत. सांध्यावरून अंगठा फिरवत आणि "हं" म्हणत. तो "हं" चांगला की वाईट हे ओळखायला दंतवैद्याला तीन महिने लागले. सूनबाई दहा वाजता चहा आणून ठेवायच्या आणि दोघांनाही तो गार होईपर्यंत आठवत नसे. दवाखान्यात आठवडाभर लोकांची तोंडे उघडी करून बसणाऱ्या या माणसाला त्या शेडमध्ये गप्प बसून काम करताना फार सुख वाटत असे.

चौकट आकाराला आली. उरला होता एकच सांधा, तोही सर्वांत महत्त्वाचा. हँडल ज्या उभ्या नळीत बसते तिला खालची तिरपी नळी जिथे येऊन मिळते, तो. खड्ड्यातला प्रत्येक धक्का आधी त्या सांध्याला बसतो. दंतवैद्य त्या एका टोकावर चार रविवार खपला. एक बाजू जुळली की दुसरी उघडी पडे. दुसरी जुळवावी तर पहिली रुसे. घासून घासून नळी अशा लांबीला आली की आणखी एकदा कानस चालवली असती तर ती आखूड पडली असती आणि नवी नळी घेऊन सारे पहिल्यापासून करावे लागले असते.

त्या रविवारी आबा नात्यातल्या एका पूजेसाठी परगावी गेले होते. शेडची किल्ली सूनबाईंकडे होती. इकडे दंतवैद्याने आपल्या मित्रमंडळींना सांगून टाकले होते की पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी माझ्या स्वतःच्या सायकलवर येणार. मंडळींनी टाळ्याही वाजवल्या होत्या. टाळ्या आधी घेतल्या की मागाहून माणसाची पंचाईत होते.

त्याने नळ्या जुळवून खिडकीसमोर धरल्या. खालच्या अंगाला उजेडाची एक रेघ दिसली. नखाच्या कडेएवढी जाड, नखाएवढीच लांब. तो बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिला. मग त्याने नळ्या किंचित फिरवून धरल्या आणि रेघ दिसेनाशी झाली.

'मीच तर बसणार आहे,' असे तो मनाशी म्हणाला. दुसऱ्या कोणासाठी करत असतो तर गोष्ट वेगळी होती. माझे वजन बेताचे, माझी चाल सांभाळून. आणि भरणे तर माझे रोजचे काम आहे.

त्याने टाकणखार लावला, ज्योत पेटवली आणि त्या फटीवर पितळ चढवले. ते बसले. त्याने ते बारीक कानशीने घासले, दवाखान्यातून आणलेल्या चकत्यांनी चकचकीत केले. रोज दातांतल्या भेगा बुजवणारा तो हात. चौकटीतल्या सगळ्या सांध्यांत हाच सांधा देखणा झाला. पुढच्या रविवारी आबांनी त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला आणि कधी नव्हे ते म्हणाले, "हा चांगला जमलाय."

"हो," दंतवैद्य म्हणाला.

खरे तर गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. जगातल्या बहुतेक गोष्टी अशाच एका 'हो'पाशी संपतात आणि माणसे त्यानंतर वर्षानुवर्षे सुखाने जगतात. चौकटीला हिरवा रंग चढला, चाके बसली, चामड्याची बैठक बसली. सायकल फार सुंदर दिसत होती. दंतवैद्य ती घेऊन निघणार तेवढ्यात आबा म्हणाले, "आज चालवायची नाही. येत्या रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीपाशी आणा. पहिला उतार माझा."

दंतवैद्याला आधी हा काही नारळ फोडण्यासारखा मुहूर्ताचा प्रकार वाटला आणि तो हसला. सूनबाई मात्र हसल्या नाहीत. त्या त्याला फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुम्ही तरी समजावा त्यांना. हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाच्या चौकटीवर टाकीचा उतार आधी हेच उतरतात. गेल्या वर्षी अंगणात नुसते घसरले तर दोन महिने कमरेला पट्टा होता. मी सांगून थकले. तुमचं ऐकतील."

दंतवैद्य मागे फिरला. "आबा, या वयात उतारबितार नको," तो म्हणाला.

"माझं वय सायकलला कुठं ठाऊक आहे?"

"तसं नाही. पण सायकल माझी आहे. आधी मी बसतो, मग तुम्ही बसा."

"तुमचीच आहे. रविवारी नऊनंतर," आबा म्हणाले आणि हत्यारे पुसायला लागले.

टाकीचा उतार गावात प्रसिद्ध होता. टाकी टेकडीवर आणि तिथून बाजारापर्यंत रस्ता सरळ खाली. अर्ध्या वाटेवर मोठी जलवाहिनी रस्ता ओलांडून जाते. तिच्यावर दगडांचा एक उंचवटा आहे. त्यावरून वेगाने गेले की सायकलची दोन्ही चाके क्षणभर जमीन सोडतात. दंतवैद्याने तो आठवडा कसा काढला हे त्यालाच ठाऊक. एका बाईची दाढ भरताना त्याचा हात मध्येच थांबला आणि तिने "काय झालं?" असे घाबरून विचारले. सांधा टिकेल, असे तो दिवसातून दहा वेळा स्वतःला पटवून देत होता. पटले असते तर एकदाच पुरले असते. रविवारी ताप आला असे कळवावे, हाही विचार त्याच्या मनात आला. पण ताप किती रविवार पुरणार?

शेवटी तो गेला. सकाळचे सात वाजले होते, ऊन कोवळे होते. आबा आधीच टाकीच्या कठड्यावर बसलेले होते. सूनबाई रागाने वर यायलाच तयार नव्हत्या. त्या खाली पिठाच्या गिरणीपाशी उभ्या होत्या आणि वरून त्यांच्या साडीचा पिवळा रंग तेवढा दिसत होता.

आबांनी पायजम्याच्या उजव्या पायाला चिमटा लावला. चष्मा दोरीने कानामागे बांधला. मग त्यांनी तोंडात बोटे घालून ते दोन दात काढले, रुमालात गुंडाळले आणि दंतवैद्याच्या हातात दिले.

"हे धरा," फटीतून शीळ निघावी तसे ते बोलले. "चांगले केलेत तुम्ही. उगाच फुटायला कशाला."

दंतवैद्य रुमाल धरून उभा राहिला. आबांनी टांग टाकली, हँडल सरळ केले, एक पाय जमिनीला टेकवून मान वळवली आणि विचारले, "डॉक्टर, या सायकलबद्दल मला काही सांगायचं राहिलंय का?"

हाच प्रश्न त्याने आपल्या दवाखान्यात ऐकला होता आणि तेव्हा त्याला 'नाही' म्हणायला काही जड गेले नव्हते. आताही 'नाही' त्याच्या ओठांपर्यंत आले. मंडळींच्या टाळ्या आठवल्या. आबांचा अंगठा आठवला. दरम्यान आबांनी थोडी वाट पाहिली आणि जमिनीवरचा पाय उचलून पेडलवर ठेवला. चाके हलली.

दंतवैद्याने पुढे झेप घेऊन बैठकीला मागून धरले.

"थांबा आबा! सांध्यात उजेड होता."

आबांनी दोन्ही पाय खाली टेकवले. "कुठल्या?"

"हँडलखालच्या. तिरप्या नळीच्या. तुम्ही पूजेला गेला होतात त्या रविवारी. मी वरून पितळ भरलं."

"किती होता?"

दंतवैद्याने करंगळीचे नख पुढे केले. आबांनी चष्म्यातून त्या नखाकडे नीट पाहिले, जणू काही तो सांधाच होता. मग ते शांतपणे सायकलवरून उतरले, चिमटा काढून खिशात टाकला आणि म्हणाले, "चला. हातात धरून नेऊ."

दोघे उतार पायी उतरले. खाली सूनबाईंनी घाबरून विचारले, "काय झालं? पंक्चर?"

"नाही," आबा म्हणाले, "डॉक्टर बोलले."

सूनबाईंना त्याचा अर्थ कळला असावा. त्यांनी दंतवैद्याकडे पाहिले, पदराने कपाळ पुसले आणि "आज चहा गरम असतानाच प्या" एवढेच म्हणून त्या पुढे निघाल्या.

शेडमध्ये गेल्यावर आबांनी करवत दंतवैद्याच्या हातात दिली. हिरव्या रंगावरून करवत फिरताना त्याला वाईट वाटले, खूप वाईट वाटले. सात महिन्यांचे काम होते. सांधा उभा चिरला तेव्हा आतले दिसले. वरच्या अंगाला पितळ पातळ होऊन आरपार गेले होते. खालच्या अंगाला ते बाहेरच्या बाहेर सालीसारखे चिकटून बसले होते आणि त्याच्यामागे एक काळी पोकळी होती. आबांनी तिच्यात खिळ्याचे टोक घालून पाहिले. टोक आत गेले.

"हा तुटला असता?" दंतवैद्याने विचारले.

"टिकलाही असता. दहा वर्षं टिकला असता, नाहीतर आज त्या दगडांवरच गेला असता. मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं?"

"नाही."

मग दंतवैद्यानेच विचारले, "तुम्हाला आधीच कळलं होतं ना? म्हणूनच तुम्ही मुद्दाम बसलात."

आबा मोठ्याने हसले. "कळलं असतं तर बसलो असतो का? मला काय वेड लागलंय? असं गुळगुळीत घासलं होतंत की माझ्या अंगठ्याला पत्ता लागला नाही. मी खरंच निघालो होतो."

हे ऐकून दंतवैद्याने करवत खाली ठेवली आणि तो बाकावर बसला. आतापर्यंत त्याला लाज वाटत होती. आता त्याला भीती वाटली, घडून न गेलेल्या गोष्टीची.

आबांनी त्याच्याजवळ स्टूल ओढले.

"डॉक्टर," ते म्हणाले, "किडलेला दात भरावाच लागतो, कारण त्या जागी तसा दुसरा दात कुठून आणणार? नळी तर त्या कोपऱ्यात पडली आहे. ती भरायची नव्हती, पुन्हा कापायची होती. हात तुमचा चांगलाच आहे, सवय तेवढी दवाखान्याची लागली. ते जाऊ द्या. मी तुम्हाला दुसरं सांगतो. मी दूधवाल्यांना चौकटी करून द्यायचो. दोन्ही बाजूंना कॅन लावून ते जायचे आणि काही कमी-जास्त झालं की चौथ्या दिवशी दारात उभे राहून शिव्या द्यायचे. त्या शिव्यांनी माझा हात सरळ राहिला. हौसेच्या कामाला शिव्या देणारा कोणी नसतो. करणारा तोच, बसणारा तोच, माफ करणाराही तोच. म्हणून माझ्याकडे जो हौसेनं शिकतो, त्याचा मी एका उतारापुरता गिऱ्हाईक होतो. म्हाताऱ्याच्या हाडांसाठी माणूस बोलतो. स्वतःच्या हाडांसाठी बोलत नाही."

"मग हे आधीच का नाही सांगितलंत? मी जपून केलं असतं."

"माझ्यासाठी जपून केलं असतंत. मला बघायचं होतं की तुम्ही स्वतःला काय देता."

दंतवैद्याने खिळा उचलून पुन्हा त्या पोकळीत घालून पाहिला. मग त्याने विचारले, "आतापर्यंत किती जण बोलले?"

"तुमच्याआधी चौघांना शिकवलं. दोघांना सांगण्यासारखं काही नव्हतं, खरोखरच नव्हतं. मी मजेत उतरलो. एक तुमच्यासारखा बोलला. आणि एक उतारावर आलाच नाही." आबांनी तुळईकडे बोट केले. गंजलेली चौकट तिथे नेहमीसारखी टांगलेली होती. "आठ वर्षं झाली. बाजारात दिसतो, मला बघून रस्ता बदलतो. त्याला कोण रागावणार होतं?"

दंतवैद्याला आपला रविवारचा ताप आठवला आणि त्याने मान खाली घातली. तेव्हा त्याचे लक्ष स्वतःच्या खिशाकडे गेले. सकाळी घाईत कोंबलेला रुमाल अजून त्यातच होता. त्याबरोबर त्याला दवाखान्यातला तो कागद आणि त्यावर आपण लिहिलेला शब्दही आठवला.

"आबा, तुमचे दात. एक माणूस वेळेवर बोलला नाही म्हणून गेले, असं तुम्ही म्हणाला होतात. तो शिष्य कोणता?"

"शिष्य कसला? तेव्हा माझ्याकडे कोणी शिकत नव्हतं." आबांनी रुमाल घेतला, पण दात लगेच बसवले नाहीत. "जन्मभर लोकांसाठी चौकटी केल्या. एकदा वाटलं, एक आपल्यासाठी करावी. हलकी, देखणी, हौसेची. हाच सांधा. याच खिडकीसमोर धरला आणि उजेड दिसला. दूधवाल्याची असती तर नळी फेकून दिली असती. म्हटलं, मीच तर बसणार आहे."

दंतवैद्याने दचकून वर पाहिले. हे शब्द त्याने कोणालाही सांगितलेले नव्हते.

"टाकीचाच उतार होता," आबा म्हणाले. "सांगायचं मला होतं आणि ऐकायचंही मलाच होतं. त्यामुळे ते राहून गेलं."

चहा आला. त्या दिवशी दोघांनी तो गरम असतानाच प्यायला. मग दंतवैद्य उठला, कोपऱ्यातून नवी नळी घेतली आणि व्हाइसच्या जबड्यात आवळली.

पुढच्या महिन्याच्या त्या ठरलेल्या पहिल्या रविवारी मित्रमंडळींनी विचारले तेव्हा त्याने सांधा कसा बुजवला आणि कसा चिरला हे सगळे सांगून टाकले. दोघे-तिघे हसले, बाकीच्यांनी विषय बदलला. त्याला वाटले होते तेवढे ते जड गेले नाही. दवाखान्यातल्या कागदावरचा 'मारामारी' हा शब्द त्याने खोडला. त्या जागी काय लिहावे हे त्याला सुचले नाही, म्हणून जागा कोरी ठेवली.

नव्या चौकटीला आणखी पाच महिने लागले. पुन्हा एका रविवारी सकाळी दोघे टाकीपाशी उभे राहिले. सूनबाई खाली गिरणीपाशी होत्याच. आबांनी पायजम्याला चिमटा लावला, चष्मा बांधला, टांग टाकली आणि विचारले, "डॉक्टर, या सायकलबद्दल मला काही सांगायचं राहिलंय का?"

दंतवैद्याने या वेळी घाई केली नाही. तो मनात एकेका सांध्याशी जाऊन उभा राहिला, खिडकीसमोर धरून पाहावे तसे त्याने प्रत्येक सांधा पाहिला, हँडलखालचा दोनदा पाहिला. मग म्हणाला, "मागच्या नळीला आतल्या बाजूनं रंगाचा एक ओघळ राहिलाय. घासून काढायला हवा. बाकी काही नाही."

"बरं," आबा म्हणाले.

मागच्या खेपेच्या आठवणीने दंतवैद्याने रुमालासाठी हात पुढे केला. आबांनी त्या हाताकडे पाहिले आणि ते हसले. वरचे दोन्ही दात उन्हात स्वच्छ दिसले.

"असू द्या," ते म्हणाले, आणि पाय उचलून उताराला लागले.